अकरा दंडगुणांचा चालक

पुरवणी जबाब

मी, सरकारी वाहन आगारातील चालकाची पत्नी, वय ५६ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार आगारामागील कर्मचारी वसाहत, तळमजला, जिन्याशेजारची खोली, समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी पतीसह राहते. मुलगी लग्न होऊन परगावी आहे. वसाहतीत मला शिलाईकाकू म्हणतात. मी याच ठाण्यात गेल्या सोमवारी एक जबाब दिला होता. त्यात मी शेजारच्या खोलीत राहणारे लष्करी चालक, ज्यांना सगळे रॉकेट म्हणतात, यांच्याविरुद्ध तक्रार केली होती. त्या तक्रारीवरून रॉकेट आपल्या कोठडीत आहेत आणि आज संध्याकाळी त्यांना त्यांच्या पलटणीच्या ताब्यात देणार आहेत. तिथे त्यांची हुद्द्याची फीत उतरवली जाईल. माझ्या त्या जबाबातली मुख्य गोष्ट खोटी निघाली आहे. म्हणून मी कोणी न बोलावता, संध्याकाळ व्हायच्या आत आले आहे.

माझा स्वभाव संशयी आहे असे वसाहतीत बोलले जाते. मी ते नाकारत नाही. गिऱ्हाईक कापड देऊन गेले की ते मी त्याच्यासमोर मोजते आणि तो गेल्यावर पुन्हा मोजते. माणसांच्या बाबतीतही माझे तसेच आहे. या प्रकरणात मी सगळ्यांना मोजले, फक्त घरातल्या माणसाला मोजायचे राहिले, हे आधीच सांगून टाकते.

हकीकत अशी की, आमच्या आगारात सरकारी कचेऱ्यांच्या आणि लष्कराच्या अशा दोन्ही गाड्या आहेत. पूर्वी सरकारी पाटी दिसली की चौकातला वाहतूक पोलीस दुसरीकडे बघायचा. आपल्यासमोर सांगते, राग मानू नये. दोन वर्षांपूर्वी लष्करी आणि सरकारी चालकांना एकच दंडगुण पद्धत लागू झाली. लाल दिवा तोडला, वेग वाढवला, भलतीकडे गाडी उभी केली, की चालकाच्या नावावर दंडगुण चढतात. बारा झाले की गाडी काढून घेतात आणि डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी झाल्याशिवाय परत देत नाहीत. लष्करी चालक असेल तर त्याची बढती जाते. कोणाचे किती झाले ते आगाराच्या भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असे लिहिलेले असते.

परंतु माणूस निवृत्त झाला की त्याचे दंडगुण त्याच्याबरोबर जातात, पुढे कोणी विचारत नाही. त्यामुळे आगारात अशी रीत पडली की, ज्याचे निवृत्तीचे वर्ष असेल त्याच्या नावावर बाकीच्यांचे दंडगुण लिहायचे. कॅमेऱ्यात गाडीचा नंबर येतो, तोंड येत नाही. आगारप्रमुख विचारतात, "कोण होतं गाडीवर?" आणि त्या वर्षीचा म्हातारा हात वर करतो. याला ते लोक निरोपाचा अहेर म्हणतात. आधीच्या वर्षी जो निवृत्त झाला त्याला हार घातला तेव्हा त्याच्या नावावर नऊ होते. यंदा माझ्या पतींची पाळी होती. त्यांच्या नावावर अकरा आहेत. त्यातले सहा रॉकेट यांचे आहेत. रॉकेट यांचे वाहन चालवणे त्यांच्या टोपणनावासारखेच आहे आणि त्यांची बढती यंदा होणार होती.

यात आमचे काय, असे मला विचारल्यावरून सांगते की, त्याबदल्यात ते लोक माझ्या पतींची गाडी चालवत होते. माझे पती वर्षभर आगारात टायरच्या खोलीत बसून असत. हे मला त्यांनी सांगितले नाही, मी शोधून काढले. त्यांच्या सदऱ्याला गाडीचा वास येईनासा झाला, टायरच्या रबराचा येऊ लागला. माझ्या मनात पाल चुकचुकली. या वयात कोणाच्या घरी जाऊन बसतात की काय, इथपर्यंत माझी मजल गेली. आमच्या मोरीच्या खिडकीतून आगाराचे मागचे अंगण दिसते. मी स्टुलावर चढून पाहिले तर माझे पती टायरवर बसून सुतळीचा गुंडा करत होते आणि कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून त्यांची गाडी रॉकेट चालवत चालले होते.

सोमवारच्या जबाबात आपण विचारले होते की, चालक असून ते गाडी का चालवत नव्हते. त्यावर मी, त्यांचे गुडघे दुखतात, असे लिहून दिले. ते खोटे आहे. माझ्या पतींचे गुडघे ठणठणीत आहेत. त्यांची नजर गेली आहे. कडेकडेचे दिसते, समोर पाहिले की मधोमध धुके असते. डॉक्टरांनी सांगितले की यावर औषध नाही. ही गोष्ट वरच्या कचेरीला कळली असती तर त्यांना निवृत्तीआधीच काढून टाकले असते, आणि नजर लपवून नोकरी केली म्हणून पेन्शन अडकली असती. शेवटचा एक महिना राहिला होता. म्हणून मी आपल्यासमोर बसून गुडघे पुढे केले.

आता अपघाताबद्दल. मागच्या गुरुवारी सकाळी आगाराच्या फाटकाबाहेर, बंद वजनकाट्याच्या वळणावर एका टपालवाल्या बाईला सरकारी गाडीची धडक बसली. बाई सायकल बाजूला घेऊन चाकात हवा भरत होत्या. त्यांच्या मांडीचे हाड मोडले. गाडी थांबली आणि निघून गेली. ती गाडी माझ्या पतींच्या नावावरची होती. आगारात आधी अशी बातमी आली की उभ्या सायकलला धक्का लागला आहे. आगारप्रमुखांनी सवयीने विचारले, "कोण होतं?" माझ्या पतींनी सवयीने हात वर केला आणि ते लिहिले गेले. दुपारी कळले की सायकलजवळ माणूस होता. तोपर्यंत कागद वर गेला होता. तो मागे घ्यायचा तर वर्षभराचे सगळेच दंडगुण उकरावे लागले असते, म्हणून सगळे गप्प बसले.

घरी आल्यावर पतींनी मला एवढेच सांगितले की, "गाडीवर मीच होतो." मी हसले. म्हटले, "तुम्ही गाडीवर? तुम्हाला ताटातलं मीठ दिसत नाही." ते पाय धुवायला गेले. मला वाटले, याही वेळेला दुसऱ्याचे पाप यांच्या गळ्यात बांधले आहे आणि हे नेहमीप्रमाणे मान पुढे करून बसले आहेत. अहेर देतानाही माणसाने थोडा विचार करावा. दंडगुण घेणे वेगळे आणि मोडलेले हाड घेणे वेगळे.

त्यानंतर मी सगळ्यांवर डोळा ठेवला. पाणी कुठेतरी मुरतेय हे दिसतच होते. आगारप्रमुख मला बघून रस्ता बदलू लागले. एरवी जिन्यात थांबून तासभर बोलणारे चालक "काकू, काळजी करू नका" म्हणून सटकू लागले. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस न विचारता काळजी करू नका असे म्हणत नाही. शनिवारी दुपारी माझे पती आंघोळीला गेले असताना रॉकेट आमच्या दारात आले. गणवेशात होते. आत या म्हटले तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. ते म्हणाले, "काकू, काकांचं नाव यातून निघेल. मी माझ्यावर घेतो." मी विचारले, "घेतो म्हणजे? जे तुमचंच आहे ते तुम्ही घेणार, त्यात उपकार कसले?" त्यावर त्यांनी मान खाली घातली. मी ती कबुली धरली. मी त्यांना त्या दारातच नको ते बोलले. दुसऱ्याच्या नावावर बढत्या मिळवता, लाज नाही वाटत, असेही बोलले. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिले नाही. यामुळे माझा संशय आणखीच पक्का झाला.

सोमवारी मी ठाण्यात येऊन जबाब दिला की, गाडी रॉकेट चालवत होते आणि माझ्या पतींचे नाव त्यांनी लावून घेतले. आपण रॉकेट यांना बोलावले. त्यांनी सगळे मान्य केले. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले, हे मला आता आठवते.

रॉकेट यांची पत्नी आमच्या भिंतीपलीकडेच राहते. आपल्याला माहीत असावे म्हणून सांगते, ती मला रोज सकाळी भिंतीवर टकटक करून उठवत असे, कारण माझे घड्याळ मागे पडते. मंगळवारपासून टकटक बंद झाली. बुधवारी सकाळी ती आली, माझ्याकडे शिवायला दिलेले कापड परत मागितले. मी म्हटले, "कापलंय ते, बाह्या तेवढ्या राहिल्यात." ती म्हणाली, "असू दे काकू, तसंच द्या." तिने ते घडी करून पोटाशी धरले आणि गेली. भांडली असती तर मला बरे वाटले असते. मी भांडायच्या तयारीत होते.

काल, बुधवारी दुपारी, मी इस्पितळात टपालवाल्या बाईंना भेटायला गेले. का गेले असे विचारल्यावरून सांगते की, दया म्हणून गेले नाही. रॉकेट यांची बायको न भांडता गेली ते मला खुपत होते. बाईंच्या तोंडून एकदा रॉकेट यांचे वर्णन ऐकले की आपली बाजू पक्की होईल, असा माझा हिशेब होता. रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून एका बाजूने नाड्या लावलेला सैल गाऊन शिवून नेला, प्लास्टरवरून घालता येईल असा. बाईंचे वय तिशीच्या आत आहे. पाय वर टांगलेला होता. त्यांनी गाऊन पाहिला आणि नाड्या हाताने ओढून बघितल्या. त्यांना तो आवडला.

मी त्यांना विचारले, गाडी फार वेगात होती का. त्या म्हणाल्या, "नाही हो मावशी, तेच तर. हळू होती. मी मान वर करून पाहिलंसुद्धा. चालकानं माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे बघत होता आणि तसाच आला." मी विचारले, चालक गणवेशात होता ना, उंच. त्या म्हणाल्या, "तो दुसरा. तो पलीकडच्या दारानं उतरला. चालवणारा म्हातारा होता. तो माझ्याजवळ येऊन खाली बसला आणि तोंड इतकं जवळ आणलं की मला वाटलं हा माझा वास घेतोय का काय. म्हणाला, कुठं लागलं, ताई? त्याच्या अंगाला रबराचा वास होता. मग त्या गणवेशवाल्यानं त्याचा दंड धरला. पुढचं मला नीट आठवत नाही. गाडी गेली."

माझे पती वर्षभर प्रत्येक वस्तू तोंडाजवळ नेऊन पाहतात. ताट, औषधाची बाटली, आलेला माणूस. माझाही चेहरा ते तसाच पाहतात. त्यांच्याशिवाय असे करणारा दुसरा चालक आगारात नाही. मी खुर्चीत बसून राहिले. बाईंनी मला पाणी घ्या म्हटले. ज्यांचा पाय मोडला त्या मला पाणी घ्या म्हणत होत्या आणि मी कोणाची बायको आहे हे मी त्यांना सांगितले नाही. ते आज या जबाबातून त्यांना कळावे.

हे सगळे तुम्ही पोलिसांना का सांगितले नाही, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या की, पोलिसांनी गाडीचा रंग आणि नंबर विचारला, चालक कोण ते आम्हाला कळले आहे असे म्हणाले. हे मी आपल्याला दोष देण्यासाठी सांगत नाही. चालक कोण ते आपल्याला मीच सांगितले होते.

घरी आले तेव्हा माझे पती दारात पाट टाकून एका परकराचे धावदोरे उसवत होते. हे काम ते चाचपून करतात आणि चांगले करतात. मी चप्पल न काढता विचारले, "त्या दिवशी गाडीवर कोण होतं?" ते म्हणाले, "मी तुला गुरुवारीच सांगितलं. तू हसलीस."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. दंडगुण पद्धत आल्यापासून फाटकावर पहारेकरी चालकाचे कार्ड आणि तोंड जुळवून पाहतो. म्हणून रोज सकाळी फाटकातून गाडी माझे पतीच बाहेर काढत. रॉकेट शेजारी बसून हळू आवाजात सांगत, जरा डावीकडे, जरा दमानं. वजनकाट्याच्या वळणावर गेले की दोघे जागा बदलत. माझे पती तिथून चालत, मागच्या बाजूने येऊन टायरच्या खोलीत बसत. वर्षभर असे चालले. तो रस्ता आपल्याला पाठ आहे असे त्यांना वाटत होते. त्या दिवशी रॉकेट बुटाची नाडी बांधायला वाकले होते. माझे पती म्हणाले, "तिथं सकाळची झाडाची सावली पडते. रोज मी तिच्यावरून गाडी नेतो. मला वाटलं, सावलीच आहे."

मी विचारले, "आणि तो पोरगा आत बसलाय, त्याचं काय?" ते म्हणाले, "तोच म्हणाला, काका, तुमचा महिना उरलाय, तुम्ही माझे सहा घेतलेत, हे मी घेतो." मी विचारले, "आणि तुम्ही?" ते म्हणाले, "मी गप्प बसलो." मला त्यांचा फार राग आला. इतक्या वर्षांत आला नव्हता इतका आला. आंधळा माणूस मुकाही होतो हे मला माहीत नव्हते असे मी म्हणाले, ते बोलायला नको होते. त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. सकाळी मी सांगितले की मी ठाण्यात चालले आहे. त्यांनी अडवले नाही. पेन्शनचे काय, असे एकदा विचारले. मी म्हटले, मशीन आहे माझी. त्यावर त्यांनी स्वतःच सदरा चढवला. बटणे एक घर खाली लागली होती. मी ती सरळ केली आणि आम्ही दोघे मिळून आलो.

तरी माझे म्हणणे असे की, धडक बसली त्या वेळी गाडी माझे पती चालवत होते, रॉकेट चालवत नव्हते. माझ्या सोमवारच्या जबाबातील गुडघ्यांचे वाक्य आणि रॉकेट यांच्याविरुद्धची वाक्ये रद्द धरावीत. माझ्या पतींची नजर वर्षभरापासून अधू आहे आणि ते मला माहीत होते. आगारातल्या सर्वांनाही माहीत होते, फाटकावरच्या पहारेकऱ्याचे मला सांगता येत नाही. धडकेनंतर माझे पती जखमी बाईजवळ गेले होते, परंतु रॉकेट यांनी दंड धरून त्यांना गाडीत बसवले आणि गाडी तेथून नेली. तेवढा दोष रॉकेट यांचा आहे. तो त्यांचाच राहावा, बाकीचा नको.

लिहिणे झाल्यावर हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. खोलीचे दार उघडे ठेवावे अशी विनंती मी केली, कारण माझे पती बाहेर बाकावर बसले आहेत आणि त्यांना लिहिलेले वाचता येत नाही. शेवटचा परिच्छेद वाचला जात असताना ते उठले आणि भिंतीला हात लावत दारात आले. त्यांनी विचारले, "दंड धरून गाडीत बसवलं, असं लिहिलंय का?" होय म्हटल्यावर ते म्हणाले, "ते खोडा. त्यानं दंड धरला तो मला तिच्या पायांकडं न्यायला. काका, तुम्ही पाय धरा, मी खांदे धरतो, गाडीत घेऊ, असं म्हणत होता. चल इथून, असं मी म्हणालो. दोनदा म्हणालो."

ही गोष्ट त्यांनी मला घरी सांगितली नव्हती. ते वाक्य आणि त्यापुढची, दोष रॉकेट यांचा आहे असे जे मी सांगितले ती, सगळी खोडून त्यांनी सांगितले तसे लिहून घ्यावे. बाकी जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे, मी तो ऐकला आहे आणि तो खरा आहे. खोडलेल्या ओळींच्या बाजूला आम्हा दोघांच्या सह्या आहेत. त्यांना सही कुठे करायची ती जागा मी बोट धरून दाखवली.